भिंतीवरून उतरवलेलं शिल्प: विकलेली कला नक्की कोणाची?

आजच्या भागाची सुरुवात एका प्रश्नाने करतो. समजा, तुम्ही एका चित्रकाराकडून चित्र विकत घेतलंत. रोख पैसे मोजले, पावती घेतली, घरी आणून हॉलमध्ये लावलं. दोन वर्षांनी घराला नवा रंग दिला आणि चित्र त्या भिंतीवर शोभेना. आता तुम्ही ते माळ्यावर टाकू शकता का? अर्धं कापून छोट्या फ्रेममध्ये बसवू शकता का? की सरळ होळीत टाकू शकता?

बहुतेक जण म्हणतील, "अरे, पैसे माझे, चित्र माझं. विचारायचं कोणाला?" मीसुद्धा आधी हेच म्हणायचो. पण ह्याच प्रश्नावर एक शिल्पकार थेट भारत सरकारशी भांडला. निकाल लागला तेव्हा त्याचं वय होतं 83. आजची गोष्ट त्याची.

त्यांचं नाव अमरनाथ सहगल. जन्म 1922 चा, आज पाकिस्तानात असलेल्या कॅम्पबेलपूरचा. फाळणीनंतर ते भारतात आले, न्यूयॉर्कला जाऊन कला शिकले आणि पुढे दिल्लीत काम करू लागले. 1957 साली त्यांना एक मोठं काम मिळालं. दिल्लीत विज्ञान भवन नुकतंच उभं राहिलं होतं. मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरवायची सरकारची ती हक्काची जागा. तिथल्या लॉबीच्या भिंतीसाठी सरकारला ब्राँझचं भित्तिशिल्प हवं होतं.

ह्या शिल्पाचा आकार ऐका: लांबी साधारण 140 फूट आणि पसारा 40 फुटांचा. म्हणजे साडेतीन-चार एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, तेवढं लांब. विषय होता ग्रामीण आणि आधुनिक भारत. सहगल ह्या कामावर पाच वर्षं राबले. 1962 मध्ये शिल्प भिंतीवर लागलं. देशविदेशातून परिषदेला येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यासमोरूनच आत जायचा.

मग आलं 1979. शिल्प भिंतीवरून उतरवलं गेलं आणि सरकारी गोदामात जाऊन पडलं. सहगल यांना ना पत्र, ना फोन, ना परवानगीचा प्रश्न. ब्राँझची एवढी अवाढव्य वस्तू घाईत उतरवली की काय होणार? तुकडे झाले, काही भाग गहाळ झाले. ज्या भागावर त्यांचं नाव होतं तोही गेला, असं सहगल यांचं म्हणणं होतं.

त्यांनी सरकारकडे अर्ज-विनंत्या सुरू केल्या. सरकारी कचेरीत अर्ज घेऊन फिरलेल्या कोणालाही पुढचं सांगायला नको. वर्षांमागून वर्षं गेली. शेवटी 1992 मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचलं. कोर्टाने आधी अंतरिम आदेश दिला, की जे उरलंय त्याचं आणखी नुकसान करू नका. सहगल यांची मागणी होती: माफी मागा, शिल्पाची आणखी हानी थांबवा आणि 50 लाख रुपये भरपाई द्या.

सरकारची बाजू ऐकली तर ती अगदी तुमच्या-माझ्यासारखीच होती. आम्ही काम दिलं, मोबदला दिला, शिल्प आमच्या मालकीचं. ते भिंतीवर ठेवायचं की गोदामात, हे आम्ही ठरवू. शिवाय घटना 1979 ची, दाव्याची मुदत कधीच उलटून गेली.

आता इथे थोडं मागे जाऊ, कारण खरा इतिहास इथे आहे.

कॉपीराइट म्हटलं की आपल्या डोक्यात येतात पैसे. कॉपी कोण काढणार, विकणार कोण, रॉयल्टी कोणाला. हा झाला आर्थिक हक्क, आणि तो विकता येतो. पण एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये एक वेगळा विचार रुजला. कलाकृती म्हणजे नुसता माल नाही, तिच्यात करणाऱ्याचं व्यक्तिमत्त्व उतरलेलं असतं. म्हणून माल विकला तरी दोन गोष्टी कलाकाराकडेच राहतात. पहिली, "हे मी केलंय" असं सांगायचा हक्क. दुसरी, कोणी त्या कामाची मोडतोड करून माझी अब्रू घालवत असेल तर त्याला अडवायचा हक्क. ह्यांना म्हणतात नैतिक हक्क. 1886 मध्ये बर्न करार झाला, तो देशोदेशींच्या लेखक-कलाकारांच्या हक्कांसाठी. त्यात हे नैतिक हक्क आले 1928 मध्ये, रोमच्या बैठकीत.

आणि भारतात? स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा झाला 1957 साली. त्यातल्या कलम 57 मध्ये हे दोन्ही हक्क लिहिलेले आहेत. कलम असंही म्हणतं, की तुम्ही कॉपीराइट पूर्णपणे दुसऱ्याच्या नावावर करून दिलात तरी हे हक्क तुमच्याकडेच राहतात.

साल लक्षात आलं ना? 1957. ज्या वर्षी संसदेने कलाकाराला हा हक्क दिला, त्याच वर्षी सरकारने सहगल यांना हे काम दिलं. आणि बावीस वर्षांनी त्याच सरकारला आपलाच कायदा आठवला नाही!

21 फेब्रुवारी 2005 ला निकाल आला. न्यायमूर्ती होते प्रदीप नंदराजोग. त्यांनी सांगितलं, की कलम 57 मोडतोडीला मनाई करतं आणि एखादी कलाकृती नष्ट करणं हे मोडतोडीचं सगळ्यात टोकाचं रूप आहे. कारण एखाद्या कलाकाराची कामंच नाहीशी होत गेली, तर त्याच्या आयुष्यभराच्या कामातून तेवढा भाग कमी होतो आणि त्याची प्रतिष्ठाही तेवढी घटते. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला: असं शिल्प हा देशाचा सांस्कृतिक ठेवा असतो आणि तो जपायची जबाबदारी सरकारची आहे. मुदत संपल्याचा मुद्दाही टिकला नाही.

आदेश असा: शिल्पाचे जे अवशेष उरलेत ते सहगल यांना परत करा, त्यावरचे सगळे हक्क यापुढे त्यांचे आणि 5 लाख रुपये भरपाई द्या. मागितले होते 50 लाख, मिळाले 5. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट ही, की पैसे मोजून घेतलेली वस्तू मालकाच्या हातून काढून कर्त्याला परत मिळाली. सहगल 2007 च्या डिसेंबरमध्ये गेले. शिल्प उतरवल्यापासून निकालापर्यंत 26 वर्षं गेली होती. शिल्प घडवायला लागली होती 5.

गोष्ट इथे संपली असती तर छान वाटलं असतं. पण एक ट्विस्ट आहे.

दिल्लीतच प्रगती मैदानावर हॉल ऑफ नेशन्स नावाची इमारत होती. वास्तुविशारद राज रेवल, स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज. 1972 च्या व्यापार मेळ्यासाठी ती उभारली होती. सगळा डोलारा काँक्रीटच्या त्रिकोणी जाळीचा, आत मधोमध एकही खांब नाही. एप्रिल 2017 मध्ये ती पाडली. तिथे नवं संकुल बांधायचं होतं. रेवल कोर्टात गेले. त्यांच्या हातातही तेच कलम 57 होतं आणि कोर्टही तेच, दिल्ली उच्च न्यायालय. मागणी होती, की इमारत पुन्हा उभारून द्या.

मे 2019 मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इमारत बदलून विद्रूप केली, तर लोक ती बघतील आणि वास्तुविशारदाला नावं ठेवतील. तिथे त्याची अब्रू जाते. पण इमारत पूर्णच पाडली, तर बघायला काही उरतच नाही, मग अब्रू जाणार कशी? शिवाय जमिनीच्या मालकाला आपली जमीन हवी तशी वापरायचा हक्क आहे. इमारत कायम तशीच ठेव, असं वास्तुविशारद त्याला सांगू शकत नाही.

म्हणजे एक निकाल म्हणतो, नष्ट करणं ही सगळ्यात मोठी मोडतोड. दुसरा म्हणतो, पूर्ण नष्ट केलं तर मोडतोड झालीच नाही. हे म्हणजे अर्धं कापलेलं चित्र गुन्हा आणि जाळलेलं चित्र माफ! मला पहिल्यांदा वाचून राग आला होता. पण मग विचार केला, की मुंबई-पुण्यात एखादी इमारत मोडकळीला आली आणि ती बांधणाऱ्या वास्तुविशारदाने "पाडायची नाही" असं सांगितलं, तर आत राहणाऱ्यांनी काय करायचं? इमारत ही नुसती कला नाही, तिच्याखाली जमीन आहे आणि आत माणसं आहेत. शिल्पाचं तसं नाही. ते उचलून परत देता येतं.

आणि नष्ट होणं म्हणजे दरवेळी अपमानच, असंही नाही. आपल्याकडे गणपतीची मूर्ती घडवणारा कारागीर महिनोन्महिने राबतो आणि आपण ती दहा दिवसांत पाण्यात सोडतो. त्याचा त्याला अपमान वाटत नाही, कारण विसर्जन आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. सहगल यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. माझ्या मते खरा फरक इथे आहे.

आता कायद्यातली एक पळवाटही सांगतो. 1994 च्या दुरुस्तीने कलम 57 मध्ये एक खुलासा घातला गेला: कलाकृती प्रदर्शित केली नाही, किंवा कलाकाराच्या मनासारखी केली नाही, तर हक्काचा भंग होत नाही. म्हणजे आज कोणी शिल्प एकही ओरखडा न पाडता नीट उतरवलं आणि कायमचं गोदामात ठेवलं, तर हे कलम मदतीला येणार नाही. सहगल यांच्या बाजूने बोलली ती शिल्पाची मोडतोड.

मी कोड लिहितो, त्यामुळे हे सगळं वाचताना स्वतःचाही विचार आला. नोकरीत लिहिलेला कोड कंपनीचा, हे कायद्यात स्पष्ट आहे. तो उद्या डिलीट झाला तर मी रडत बसणार नाही. पण माझी कमिट दुसऱ्याच्या नावावर दिसली तर? तिथे मात्र डोकं फिरेल. नैतिक हक्क म्हणजे काय, ते मला तिथे नीट कळलं.

तुमच्यापैकी कितीतरी जण कॅफेच्या भिंती रंगवतात, लोगो करतात, लग्नाचे फोटो काढतात. जाता जाता एक गोष्ट: पैसे घेऊन कोणासाठी फोटो काढलात, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्याचा कॉपीराइट गिऱ्हाइकाचा होतो. चित्राचंही तेच. म्हणून काम घेताना दोन ओळी लेखी घ्या. एक, माझं नाव कुठे येणार. दोन, हे काम काढायचं किंवा बदलायचं ठरलं, तर आधी मला कळवायचं आणि शक्य असेल तर परत न्यायची संधी द्यायची. दुसरी ओळ 1957 च्या कागदावर असती आणि कोणी ती पाळली असती, तर 1979 मध्ये एक फोन गेला असता आणि सहगल ट्रक घेऊन आपलं शिल्प न्यायला आले असते.

तर पुढच्या वेळी स्टेशनबाहेर किंवा सरकारी इमारतीत एखादं जुनं भित्तिशिल्प दिसलं, तर कोपऱ्यात नाव शोधा. सापडलं तर एक फोटो काढून ठेवा. भेटू पुढच्या भागात!