माघारीला प्रतिशब्द

सोलापूरच्या विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली आणि ९ जून २०२५ पासून येथून गोव्याला प्रवासी विमान जाऊ लागले. चिमणीच्या वादात उंची, अडथळा, अंतर यांची पुष्कळ चर्चा झाली. उतरणाऱ्या माणसाच्या मनाची चर्चा मात्र आमच्या कानी फारशी आली नाही. इतिहास पाहता तीही व्हायला हवी होती.

१२ जुलै १९४९ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईला उतरू पाहणारे केएलएमचे 'फ्रानेकर' हे विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. पंचेचाळीस जण गेले. त्यांत पुलित्झर विजेते पत्रकार निकरबॉकर होते. ७ जुलै १९६२ च्या रात्री अलिटालियाचे विमान वेळेआधी खाली आले आणि जुन्नरच्या डोंगरात ९४ बळी गेले. पुढे धावपट्टीची वाट दाखवणारी रेडिओ-यंत्रणा सर्वत्र रुळली. तिच्या सर्वसाधारण प्रकारात एक रेषा आखलेली असते: दोनशे फुटांवर धावपट्टी वा तिचे दिवे दिसले नाहीत, तर पुन्हा वर जायचे. थकलेल्या मनाला ऐन वेळी वाद घालावा लागू नये, म्हणून निर्णयाची उंची आधीच ठरलेली असते.

तरीही ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला काय घडले? कॅप्टन दीपक साठे हे वायुदलात नाव कमावलेले, नागपूरशी नाते असलेले वैमानिक. पावसात, समोरच्या काचेचा वायपर बंद पडलेला असताना, पहिल्या प्रयत्नात ते स्वतःच वर गेले. दुसऱ्या प्रयत्नात, पाठीमागून वारा असताना, विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी ओलांडून टेकले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना दिली होती. ती पाळली गेली नाही. दोघा वैमानिकांसह एकवीस जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या सकाळच्या उड्डाणासाठी तेथेच पोहोचण्याची ओढ निर्णयामागे होती, असे २०२१ च्या चौकशी अहवालाने नोंदवले. अपघातानंतर लोकांनी साठे यांना वीर म्हटले, अहवालानंतर दोषी. आम्हांस ही दोन्ही वाचने अपुरी वाटतात. एकदा माघार घेऊ शकलेला जाणता माणूस दुसऱ्यांदा ती का घेऊ शकला नाही, हा प्रश्न दोहोंतही हरवतो.

या वर जाण्याला वैमानिक 'गो-अराउंड' म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. 'माघार' म्हणावे तर त्याला पराभवाचा वास येतो. वास्तविक १६६० साली पन्हाळ्याहून आणि १६६६ साली आग्र्याहून निसटणाऱ्या शिवाजी महाराजांना आपण कधी भेकड म्हटले नाही. तेथे माघार हे शहाणपण होते, हे आपण जाणतो. शब्दाला मात्र ते शहाणपण चिकटले नाही.

सोलापूरच्या आभाळातून एखादे विमान धावपट्टीजवळ येऊन पुन्हा वर गेले, तर खाली उभ्या माणसाने 'फसले' म्हणू नये. त्या क्षणी कोणीतरी आपल्या अभिमानापेक्षा आतील माणसे मोठी मानलेली असतात.