दाराबाहेरची वर्षे

आपल्याकडे कलावंतांची चरित्रे बहुधा पहिल्या मैफलीपासून किंवा पहिल्या नाटकापासून रंगू लागतात. चरित्रकार थोडा मागे गेलाच तर गुरुगृहीच्या कष्टांपर्यंत जातो. पाणी भरणे, पाय चेपणे, पहाटेचा खर्ज हे सारे मग यथास्थित येते. परंतु त्याही आधीचा एक काळ असतो. विद्यार्थी दाराबाहेर उभा आहे, आत घेतील की नाही हे त्याला ठाऊक नाही, आणि ज्याच्या हाती निर्णय आहे तो काही बोलत नाही. या काळात सांगण्यासारखे काही घडत नाही, म्हणून त्याची नोंदही फारशी कोणी ठेवीत नाही. तथापि एखाद्या समाजाने आपली विद्या कोणाला दिली आणि कोणाला नाकारली, हे या दाराबाहेरच्या वर्षांवरून जितके कळते तितके मैफलींच्या वर्णनांवरून कळत नाही.

या विषयाकडे मी वळलो त्याचे निमित्त घरगुतीच आहे. माझी भाची यंदा एका नाट्यविद्यालयाच्या अंतिम निवडीला जाऊन आली आणि निकाल लागेपर्यंत आमच्याकडे राहिली. तिची ती घालमेल पाहण्यासारखी होती. एके दिवशी ती मला म्हणाली, “मामा, तुमच्या त्या जुन्या लोकांचं बरं होतं. गुरूच्या पाया पडलं की झालं!” तिच्या म्हणण्यावर मी तेव्हा हसलो. पण जुन्या लोकांचे खरोखर बरे होते काय, हा प्रश्न मनातून जाईना. हाती असलेली चरित्रे त्याच दृष्टीने मी पुन्हा चाळली. त्यातून जे दिसले ते वाचकांपुढे ठेवतो.

महाराष्ट्रात ख्यालगायन रुजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपासून आरंभ करू. त्यांचा जन्म १८४९ चा. गाणे शिकायचे तर ग्वाल्हेरची वाट धरावी लागे, आणि ती वाट पायाखालची होती. बुवा आधी धारला देवजीबुवांकडे राहिले. गुरूची मर्जी होती, पण गुरुपत्नीची नव्हती. तेव्हा ते घर सोडावे लागले. पुढे ग्वाल्हेरला हद्दूखाँ-हस्सूखाँच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्या दाराशी ते गेले, पण पहिल्या खेपेस तेथेही जम बसला नाही. अखेर काशीस त्याच वासुदेवबुवांची गाठ पडली आणि मग कोठे विद्येचे दार उघडले. या सगळ्या भ्रमंतीत “तुला शिकवणार नाही” असे त्यांना कोणी तोंडावर निक्षून सांगितले असेल किंवा नसेलही. जुन्या व्यवस्थेतील ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथे नकार क्वचितच उच्चारला जाई. गुरू “बघू” म्हणे, “राहा” म्हणे, आणि विद्यार्थी राही. सहा महिने राहायचे की सहा वर्षे, हे कोणालाच ठाऊक नसे.

दार न उघडल्यास आडवाटेने शिरणारेही होते. ज्या हद्दूखाँ-हस्सूखाँचा उल्लेख वर आला, त्यांच्याविषयीच अशी आख्यायिका आहे की, बडे महंमदखाँ आपली तानबाजी परक्याला देणार नाहीत म्हणून शिंद्यांच्या दरबारात या दोघा भावांना आडोशाला बसवून ती ऐकवण्यात आली. आख्यायिकेत खरे किती हा भाग निराळा. पण ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, यावरून विद्या ही कुलुपात ठेवण्याची वस्तू आहे अशी सर्वांची समजूत होती, एवढे निश्चित दिसते.

आता कुलूप उघडल्यावर काय होई तेही पाहू. गुरूने स्वीकार केला याची खूण म्हणजे गंडाबंधन. गावातील इतर गवय्ये, सारंगिये, तबलजी यांना बोलावणे जाई. शिष्याच्या मनगटावर उस्ताद दोरा बांधीत, त्याच्या तोंडात चणे आणि गूळ घालीत, आणि एखाद्या रागाचे चार स्वर सांगून पहिला पाठ देत. शिष्य नजराणा ठेवी, शालजोडी देई, मिठाई वाटली जाई. वरवर पाहता हा सोहळा शिष्याच्या आनंदाचा. पण त्याचे खरे मर्म जमलेल्या मंडळींत होते. ती मंडळी साक्षीदार असत. आजपासून हा अमक्याचा शिष्य, हे त्यांनी ऐकले. आणि त्याचबरोबर आजपासून अमका याला शिकवण्यास बांधला गेला, हेही त्यांनी ऐकले. दोरा दिसायला शिष्याच्या मनगटावर असे, पण त्याची गाठ दोन्ही बाजूंनी बसलेली असे.

या गाठीची किंमत सर्वांना सारखी पडत नसे. गोव्याच्या कलावंत घराण्यांतील मुलींना ती किती पडली हे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या चरित्रांवरून कळते. केसरबाई १८९२ च्या. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास कोल्हापुरास अब्दुल करीमखाँकडे त्यांना काही महिने तालीम मिळाली. मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे, मग मुंबईस आणखी काही उस्ताद. प्रत्येक ठिकाणी थोडे हाती लागे आणि धागा तुटे. अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांना शिष्य करून घेतले ते १९२१ च्या सुमारास. तेही सहजासहजी नव्हे. मध्यस्थ लागले, अटी ठरल्या, पैका ठरला. पहिल्या तालमीपासून या दिवसापर्यंत वीस वर्षे गेली होती. ती सगळी वर्षे उमेदवारीची.

मोगूबाईंची कथा याहून चटका लावणारी आहे. नाटक कंपन्यांतून बालपण गेलेली ही मुलगी सांगलीस रियाज करीत असता, औषधोपचारासाठी तेथे आलेल्या अल्लादियाखाँनी तिचा आवाज ऐकला आणि आपण होऊन शिकवू लागले. म्हणजे येथे गुरूच दाराशी आला. पण खाँसाहेब मुंबईस गेले, पाठोपाठ मोगूबाई गेल्या, आणि तेथे दार पुन्हा लागले. खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांनी शिकवायला घेतले, तर काही काळाने तीही तालीम थांबली. कारण मोगूबाईंच्या गळ्यात नव्हते, घराण्याच्या आतील चढाओढीत होते. अखेर १९३४ साली अल्लादियाखाँचा गंडा त्यांच्या हातात बांधला गेला. त्या वेळी त्या तिशीच्या होत्या. एकदा उघडलेले दार पुन्हा लागू शकते, आणि त्याविरुद्ध दाद मागावी अशी जागा कोठेही नाही, ही त्या व्यवस्थेची दुसरी बाजू होय.

ही बाजू ज्याला फार लवकर उमगली असा माणूस म्हणजे बाळकृष्णबुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. मिरजेस गुरूकडे शिकून १८९६ साली ते बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावाचून, लोकवर्गणीवर चालणारी संगीताची शाळा काढायची आणि तीही महाराष्ट्रापासून इतक्या दूर, हे धाडस आज कल्पनेत येणे कठीण. वेळापत्रक, फी, इयत्ता, स्वरलिपीची छापील पुस्तके अशी सारी सिद्धता झाली. शाळा उघडली, आणि विद्यार्थीच येईनात. पंडितजी ठरल्या वेळी वर्गात जाऊन बसत, तंबोरा लावीत आणि रिकाम्या खोलीत गात, असे त्यांच्या शिष्यपरिवारात सांगतात. मला ही गोष्ट आपल्या संगीताच्या इतिहासातील मोठ्या उलथापालथीची खूण वाटते. आजवर विद्यार्थी गुरूची वाट पाहत होता. आता गुरू विद्यार्थ्याची वाट पाहू लागला.

अर्थात पलुसकरांनी जुने सगळे टाकले असे नव्हे. त्यांच्या उपदेशक वर्गात येणाऱ्या मुलांकडून नऊ वर्षे राहण्याचा करार करून घेत आणि त्या बदल्यात जेवणखाण, राहणे व शिक्षण मोफत देत. गंड्याचीच गाठ ती, फक्त कागदावर आली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही मंडळी याच महाविद्यालयाने घडविली. १९०८ मध्ये मुंबईस विद्यालय निघाले, पुढे स्वतःची इमारत उभी राहिली, आणि कर्जापायी ती लिलावातही गेली. गुरूने शब्द दिला की तो पाळायला पैसा लागतो, हे त्या लिलावाने दाखविले. १९३१ साली पंडितजी वारले. त्याच साली शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले आणि परीक्षांची ती परिचित शिडी पुढे गावोगाव पोचली. तिच्या एका पायरीचे नावच ‘प्रवेशिका’ आहे. वर्षभर शिकावे, परीक्षेस बसावे, आणि अमुक दिवशी निकाल कळावा. ‘अमुक दिवशी’ हे दोन शब्द बाळकृष्णबुवांना ठाऊक नव्हते.

मात्र दारे उघडली म्हणजे गुरू मिळाला असे होत नाही. १९३३ साली गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन जोशी घरातून निघाला तेव्हा देशात संगीताच्या शाळा झालेल्या होत्या. ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात तो काही काळ होताही. हे विद्यालय भातखंड्यांच्या योजनेतून १९१८ साली निघालेले. पण त्याचे समाधान होईना. तो भटकत जालंदरपर्यंत गेला. तेथे हरवल्लभ संगीत मेळ्यात विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला विचारले की, तुझ्या गावाजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व असताना तू इकडे काय करतोस? संस्थेत शिकून निघालेला, स्वतः पुण्यास १९३२ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढलेला माणूस त्या पोराला संस्थेकडे न पाठवता एका घराकडे पाठवतो, हे मोठे बोलके आहे. १९३६ साली भीमसेन कुंदगोळला पोचला. तेथेही गाणे लगेच सुरू झाले नाही. आधी घरकाम, घागरीने पाणी. म्हणजे दाराच्या आत गेल्यावर आणखी एक दार होते.

नकार देणाऱ्यांच्या चुका संस्थांतही होतातच. संगीत महाविद्यालय ही कल्पना ज्या युरोपात वाढली तेथील दोन दाखले पाहा. १८२३ साली पॅरिसच्या संगीत विद्यालयाने बारा वर्षांच्या फ्रान्झ लिस्टला तो परदेशी म्हणून नाकारले. नाकारणारे संचालक केरुबिनी स्वतः जन्माने इटालियन होते. १८३२ साली मिलानच्या विद्यालयाने अठरा वर्षांच्या व्हेर्दीला परत पाठविले; वय जास्त, मुलूख परका आणि पियानोवर हात ठेवण्याची पद्धत चुकीची. आज त्याच विद्यालयाला व्हेर्दीचे नाव आहे. परंतु या दोघांनाही एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे स्पष्ट नकार. लिस्टने खासगी शिक्षक पाहिले, व्हेर्दीनेही तेच केले, आणि आयुष्ये पुढे सरकली. नकाराची तारीख कळली की मनुष्य दुसरीकडे वळू शकतो. ‘बघू’ या शब्दाखाली वर्षे गेली तर वळणार कोठे?

नाट्यशिक्षणात आपल्याकडे हे सारे उशिरा आले. पूर्वी नाटक कंपनी हीच शाळा होती. गोड गळ्याचा मुलगा दिसला की त्याला उचलीत आणि गळा फुटला की बहुधा विसरत. संगीत नाटक अकादमीने १९५९ साली दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय काढले. १९६२ पासून १९७७ पर्यंत त्याचे संचालक होते ते १९२५ साली पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी. त्या विद्यालयाची आजची निवडपद्धती मला विचार करण्यासारखी वाटते. निरनिराळ्या शहरांत प्राथमिक चाचण्या होतात, त्यातून निवडलेल्यांना दिल्लीस काही दिवसांच्या कार्यशाळेला बोलावतात, आणि मग यादी लागते. जागा अगदी मोजक्या. एका प्रवेशिकेने किंवा एका भाषणाने माणूस कळत नाही, त्याला चार दिवस जवळ ठेवून पाहावे लागते, ही जुन्या गुरूची दृष्टी येथे परत आलेली दिसते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने १९८७ पासून गुरुकुल आणि विद्यापीठ यांची जी सांगड घालण्याचा यत्न केला, तोही याच जातीचा.

तेव्हा माझ्या भाचीचे म्हणणे बरोबर होते काय? मला वाटते, नव्हते. जुन्या लोकांचे बरे नव्हते. संस्थांनी विद्यार्थ्याला प्रमाणपत्र दिले याचे कौतुक आपण करतो, पण त्याहून मोठी देणगी तारीख ही आहे. तिने वाट पाहण्याला शेवट दिला. जात, कूळ, पैका, घरातील हेवेदावे यांपैकी सारेच संपले असे कोणी म्हणू नये. परंतु निदान ‘का’ असे विचारण्याची सोय झाली. अल्लादियाखाँचे दार दुसऱ्यांदा लागले तेव्हा मोगूबाईंना ती सोय नव्हती.

मात्र या व्यवहारात एक गोष्ट आपण हरवली. हल्ली निवड झालेल्यांचे स्वागत होते. सभागृह सजते, पालकांना चहा देतात, वसतिगृहाचे नियम वाचून दाखवितात, फी भरण्याची मुदत सांगतात. त्या दिवशी विद्यार्थी पुष्कळ गोष्टी कबूल करतो आणि सही करतो. शिकविणारा काय कबूल करतो? गंड्याच्या वेळी चार जाणत्यांसमोर गुरूही बांधला जात असे. आमच्या यादीने फक्त एकच हात बांधला. तारीख ठेवावी, यादी ठेवावी, नकाराचे कारण स्पष्ट सांगावे. आणि स्वागताच्या दिवशी प्रत्येक शिक्षकाने उठून, “मी तुम्हाला अमुक शिकवीन,” एवढे जमलेल्या मंडळींसमोर म्हणावे. त्याला खर्च काही नाही. दोरा, चणे आणि गूळ यांना तरी पूर्वी कितीसा लागत होता!