हडपसर

हडपसर : पुणे शहराचे पूर्वेकडील उपनगर. पुणे–सोलापूर महामार्गावर वसलेले. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा येथून जातो. उत्तरेला मुळा-मुठा नदी आणि तिच्या काठी मांजरी बुद्रुक. पुणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ३१,२४,४५८ (२०११). गाडीतळाच्या चौकात सोलापूर आणि सासवड या दोन दिशांचे रस्ते फुटतात. आषाढी वारीत पुण्याहून एकत्र निघालेल्या ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांची ताटातूटही येथेच होते. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोरच्या वाटेला लागते. वर्षातला हा एकच दिवस असा, की या चौकातल्या वाहतूककोंडीबद्दल कोणी कुरकुर करत नाही.

इतिहास : हडपसरचे नाव इतिहासात आले ते एका लढाईमुळे. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्याचा जाब विचारायला त्यांचे भाऊ यशवंतराव होळकर पुढच्याच वर्षी फौज घेऊन पुण्यावर चालून आले. लोणी ते हडपसर या टापूत त्यांचा तळ पडला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसर, वानवडी आणि घोरपडी या शिवारांत होळकरांची गाठ पेशवे व दौलतराव शिंदे यांच्या संयुक्त फौजेशी पडली. सकाळी तोफा सुरू झाल्या. दोन्ही बाजूंना कवायती पलटणी होत्या आणि त्यांवर युरोपीय अधिकारी. शिंद्यांकडचा कॅप्टन डॉस मारला गेला, होळकरांकडचा हार्डिंगही पडला. होळकरांचे घोडदळ एकदा मागे रेटले गेले, तेव्हा यशवंतराव स्वतः पुढे झाले आणि त्यांच्या हल्ल्याने दिवसाचा निकाल लागला. बाजीराव सिंहगडाकडे निघाला, तेथून कोकणात उतरला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह करून बसला. पेशवाईचा शेवट इतिहासकार १८१८ मध्ये मांडतात, पण तिची खरी गाठ सुटली ती हडपसरच्या माळावर. त्या मानाने या रणभूमीची जपणूक अगदीच बेताची. पलटणींच्या जागी आज गृहसंकुले आहेत, आणि जाहिरातींमध्ये त्यांच्या मालमत्तेचे गुणगान करताना या लढाईचा उल्लेख कोणी करत नाही.

शेती व पशुपालन : कालव्याचे पाणी आल्यावर हडपसर-मांजरीचा पट्टा ऊस, भाजीपाला आणि पुढे द्राक्षांसाठी नावारूपाला आला. मांजरीत ब्रिटिश काळापासून सरकारी प्रायोगिक शेत होते. तेथेच १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट सुरू झाली, जी आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही १९९७ पासून मांजरीत आहे. 

दुसरी परंपरा घोड्यांची. पुण्याच्या रेसकोर्सला धावणारी जनावरे याच पूर्वेकडच्या माळांवर वाढली. पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ चा. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. तेथे त्यांना विषद्रव्याची अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तातून धनुर्वात, सर्पदंश यांवरची प्रतिविषे काढली जात. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये बंधू झवेरे यांच्यासह हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया काढली, ती या साखळीतला दुवा आपल्याच दारी आणण्यासाठी. भांडवलाचा काही भाग घोडे विकूनच उभा केल्याचे संस्थापक सांगत आले आहेत. नावातला 'सीरम' हा शब्द आजही त्या घोड्यांच्या रक्ताचीच आठवण आहे. कंपनीचे उत्पन्न मात्र केव्हाच लसींकडे वळले.

उद्योग : हडपसर औद्योगिक वसाहत, रामटेकडी औद्योगिक वसाहत व लगतचा मुंढवा हा स्वातंत्र्योत्तर पुण्याचा अभियांत्रिकी पट्टा. किर्लोस्कर न्यूमॅटिक (१९५८) आणि मुंढव्याची भारत फोर्ज (१९६१) हे त्यातले ठळक कारखाने.

या पट्ट्याचे जीवविज्ञान परिसरात रूपांतर कोणत्याही आराखड्याने झाले नाही. महाराष्ट्राने २००१ मध्ये जैवतंत्रज्ञान धोरण जाहीर केले, आणि त्याच्या जोरावर हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यात आंतरराष्ट्रीय बायोटेक पार्क उभा राहिला. तो रस्ते, भूखंड आणि माहितीपत्रकासह आखलेला होता. हडपसरला असे काही नव्हते. सीरम इन्स्टिट्यूट या एका कंपनीने आपल्या जमिनीवर एकेक इमारत वाढवत नेली आणि कागदोपत्री परिसर झाला तो नंतर, विशेष आर्थिक क्षेत्राच्या कायद्यामुळे (२००५). 'सीरम बायोफार्मा पार्क' हे जैवतंत्रज्ञानाचे विशेष आर्थिक क्षेत्र त्यातूनच आले.

लसींचा कारखाना आणि लोखंडाचा कारखाना एकाच औद्योगिक वसाहतीत बसू शकतात, पण दोघांच्या गरजा एकमेकींना पूरक नाहीत. भट्टी आणि हातोडा धूर, कंप आणि धूळ देतात. लस भरणाऱ्या खोलीत मात्र गाळलेली हवा, दाबाच्या फरकाने आत-बाहेर बंद केलेले मार्ग, शुद्धतम पाणी, वाफ आणि २ ते ८ अंश सेल्सियसची अखंड शीतसाखळी लागते. जिवंत विषाणू हाताळलेले सांडपाणी बाहेर सोडण्यापूर्वी निर्जंतुक करावे लागते. म्हणून अशा इमारती जुन्या शेडची डागडुजी करून होत नाहीत, त्या पायापासून वेगळ्या बांधाव्या लागतात. हडपसरच्या जीवविज्ञान परिसराला नवी जागा मांजरीच्या बाजूला मिळाली, ती त्यामुळेच.

सीरमने १९७४ मध्ये घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची त्रिगुणी लस काढली, १९८९ मध्ये गोवराची. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना लस विकण्याचा मार्ग मोकळा झाला. आफ्रिकेच्या मेंदूज्वर-पट्ट्यासाठी बनवलेली मेनआफ्रिव्हॅक ही लस २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोत दिली जाऊ लागली. एका मात्रेची किंमत अर्ध्या अमेरिकन डॉलरखाली राखण्याची अट होती, ती हडपसरने पाळली. २०१२ मध्ये नेदरलँड्समधील बिल्थोवेन बायोलॉजिकल्स ही लसकंपनी विकत घेण्यात आली. वर्षाला सुमारे १५० कोटी मात्रा हा कंपनीने सांगितलेला उत्पादनाचा आकडा करोनापूर्व काळातला आहे.

करोनाच्या साथीत परिसर जगाच्या नजरेत आला. २८ नोव्हेंबर २०२० रोजी पंतप्रधानांनी त्याला भेट दिली. ३ जानेवारी २०२१ रोजी ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाच्या कोव्हिशील्डला आपत्कालीन परवानगी मिळाली आणि १२ जानेवारीला पहाटे लसीचे पहिले तीन ट्रक, पूजा करून, मांजरीहून विमानतळाकडे निघाले. नवव्याच दिवशी, २१ जानेवारीला, परिसरातील बांधकाम सुरू असलेल्या इमारतीला आग लागून पाच कामगारांचा मृत्यू झाला. कोव्हिशील्डचे उत्पादन त्या इमारतीत नव्हते. ट्रकांची छायाचित्रे जपली गेली, या पाच जणांची नोंद मात्र बहुतेक माहितीपुस्तिकांत सापडत नाही. पुढे सर्व्हाव्हॅक ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणारी स्वदेशी लस (२०२३) आणि ऑक्सफर्डसह विकसित केलेली आर२१ ही हिवतापाची लस (जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस, ऑक्टोबर २०२३) याच परिसरातून आल्या.

तुलनेसाठी पुण्याच्या वायव्येकडचे पिंपरी पाहावे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी तेथे स्थापन झाली. पेनिसिलीन बनवणारा हा कारखाना कामगार वसाहतीसह उभा राहिला. तेथील शास्त्रज्ञ थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी शोधलेले हॅमायसीन हे देशात शोधलेले पहिले प्रतिजैविक म्हणून सांगितले जाते, आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी आहे. संशोधनाची इतकी मोठी सुरुवात असूनही ही कंपनी नव्वदच्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेली, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने देणी फेडण्यासाठी तिची अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय घेतला. औषधनिर्मितीचा परिसर बांधून काढणाऱ्या शासनाला तो चालवता आला नाही, आणि ज्या हडपसरला कोणी बांधून दिला नाही तेथे तो तगला. याचे कारण केवळ खासगी मालकी असे म्हणणे घाईचे ठरेल. युनिसेफची मागणी आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे राहिलेली जमीन या गोष्टीही हिशेबात घ्याव्या लागतात.

माहिती तंत्रज्ञान : सुमारे ४०० एकरांवर मगरपट्टा सिटी शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनी एकत्र करून उभारली (काम सुरू २०००). फुरसुंगीच्या एसपी इन्फोसिटीची सरकारी यादीतील नोंद मांजरी स्टड फार्म या कंपनीच्या नावे आहे, त्यामुळे संगणक अभियंते कागदावर घोड्यांच्या पागेत काम करतात.

प्रशासन : हडपसरभोवतालच्या साडेसतरा नळी, केशवनगर, फुरसुंगी व उरुळी देवाची या भागांचा पुणे महानगरपालिकेत समावेश २०१७ मध्ये झाला. मांजरी बुद्रुक जून २०२१ अखेरीस आले, म्हणजे कोव्हिशील्डचे पहिले ट्रक निघाले तेव्हा मांजरीत ग्रामपंचायतीचा कारभार होता. फुरसुंगी व उरुळी देवाची २०२४ मध्ये वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली.