वैयावृत्त्याची वाट : रयतमाउली लक्ष्मीबाई पाटील

जैन शास्त्रकारांनी सांगितलेल्या सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची, म्हणजेच सेवाशुश्रूषेची गणना होते. उपवासाचा दिवस, स्वाध्यायाची वेळ श्रावक स्वतः ठरवतो. सेवेची हाक मात्र तिथी पाहून येत नाही. अशा अनपेक्षित हाकेने एका श्राविकेचे जीवन कसे उजळले, याची साक्ष सातारच्या इतिहासात आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव देण्यात आले. या कार्याचा भार भाऊरावांच्या धर्मपत्नी लक्ष्मीबाई यांच्या स्वयंपाकघरावर येऊन पडला.

लक्ष्मीबाई सधन, सनातन वळणाच्या जैन घराण्यात वाढलेल्या. सोवळे-ओवळे हाच त्यांना धर्माचा आचार वाटे. ज्यांची सावलीही त्या काळी टाळली जाई, अशी मुले आता त्यांच्या दारी जेवावयास आली. हा प्रसंग त्यांनी मागितला नव्हता. मनातील संस्कार एका दिवसात गळून पडले नाहीत. परंतु भुकेल्या लेकरांना वाढता वाढता भेदाची भिंत ढासळत गेली आणि त्या सर्व मुलांच्या माता झाल्या.

संस्थेची मिळकत तुटपुंजी होती. मुलांच्या अन्नासाठी माहेरचे दागिने एकामागून एक गेले. भाऊराव परगावी असताना कोठीतील धान्य संपले, तेव्हा त्या माउलीने सौभाग्यलेणे असलेले मंगळसूत्रही गळ्यातून उतरविले. अपरिग्रहाचे व्रत पुष्कळांच्या मुखी असते. येथे ते आचरणात उतरले.

१९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेचा वटवृक्ष पाहणे त्यांच्या भाग्यी नव्हते. परंतु त्यांच्या जीवनाचे फलित केवळ संस्थेच्या विस्तारात शोधू नये. सोवळ्यात जपलेली शुद्धी त्यांना अखेर करुणेत गवसली, हीच त्यांची खरी कमाई होय.

सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी आपल्या कार्याचा हिशेब मांडताना एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा : आपल्या दारी न बोलावता आलेल्याला आपण कोणत्या दृष्टीने पाहतो? कदाचित तोच आपल्या तपाचा प्रारंभ असेल.