टाकून दिलेल्या कोडाचा माग

खानदेशात बसून जुन्या कागदांबद्दल लिहायचं म्हटलं की धुळ्याचं नाव येतंच. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. एरंडोलहून पारोळ्यामार्गे तास-दीड तासाचा रस्ता. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ सालचा. मी इथे ज्या दप्तराची हकीकत सांगणार आहे ते त्याहून बरोबर शंभर वर्षांनी धाकटं, म्हणजे १९९८च्या आसपासचं आहे. ते कागदावर कधी नव्हतंच, त्यामुळे त्याला वाळवी लागली नाही आणि त्याच्या पुड्याही कुणी बांधल्या नाहीत. तरी वीस-बावीस वर्षांत ते दिसेनासं झालं.

आधी वस्तू काय आहे ते सांगायला हवं, कारण या अंकाचे वाचक बहुतेक साहित्यातले. वेबसाइट बांधणाऱ्याला दर वेळी पायापासून सुरुवात करावी लागू नये म्हणून जो सांगाडा तयार ठेवतात त्याला वेब फ्रेमवर्क म्हणतात. सभासदांची नोंद, पासवर्ड, लोकांचे अभिप्राय, चर्चा, शोध ही कामं जवळजवळ प्रत्येक साइटला लागतात. घरासाठी खांब आणि तुळया तयार मिळाव्यात, भिंती तेवढ्या आपण चढवाव्यात, तसा हा प्रकार. असा सांगाडा मुक्त परवान्याखाली दिला तर त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढे देता येतो. जीपीएल नावाच्या परवान्यात अट मुख्य एकच: तुम्ही पुढे दिलात तर पुढच्यालाही तीच मोकळीक द्यायची.

मी ज्याच्या मागे लागलो त्याचं नाव आर्सडिजिटा कम्युनिटी सिस्टिम, थोडक्यात एसीएस. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी, एमआयटीत शिकलेले फिलिप ग्रीनस्पन ‘फोटो डॉट नेट’ नावाची छायाचित्रकारांची साइट चालवत. तिच्यासाठी लिहिलेल्या कोडातून हा सांगाडा वाढला. १९९७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह आर्सडिजिटा ही कंपनी काढली. कोड फुकट द्यायचा आणि पैसा मिळवायचा तो साइट बांधून देण्याचा, असा त्यांचा व्यवहार. वेब प्रकाशनावरचं ग्रीनस्पन यांचं जाडजूड पुस्तक १९९९ मध्ये छापून आलं, पण ते अख्खं वेबवरही वाचायला ठेवलेलं होतं. पुण्यात तेव्हा नवी नवी नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्यांना डॉलरमधली पुस्तकं घेणं शक्यच नव्हतं. आम्ही ते पडद्यावर वाचलं, रात्री, ऑफिस रिकामं झाल्यावर. तंत्राच्या पुस्तकात लेखकाच्या कुत्र्याचे फोटो असू शकतात हेही त्यातूनच कळलं.

या कंपनीने शाळकरी मुलांसाठी एक बक्षीसही ठेवलं होतं. २००० साली त्याच्या अंतिम यादीत तेरा वर्षांचा एक मुलगा होता, ॲरन स्वार्ट्झ. पुढे त्याने वेब डॉट पाय हे छोटं फ्रेमवर्क लिहिलं आणि इन्फोगामी नावाची एक प्रणालीही. इन्फोगामी धंदा म्हणून चालली नाही. तिचा कोड मात्र ‘ओपन लायब्ररी’च्या पोटात आजही काम करतो. जुन्या पुस्तकांची यादी तिथे चाळणाऱ्याला आपण कुणाच्या सोडून दिलेल्या उद्योगावर उभे आहोत याची कल्पना नसते.

एसीएसची अडचण तिच्या डेटाबेसात होती. ती ओरॅकलवर चाले, आणि ओरॅकलचा परवाना तुमच्या-आमच्या ऐपतीबाहेरचा. म्हणून काही स्वयंसेवकांनी ती पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर आणायला घेतली. बेन अदिदा आणि डॉन बॅकस ही त्यांतली ठळक नावं. या उपद्व्यापाचं पुढे ओपनएसीएस झालं. मूळ कंपनीने २००० मध्ये भांडवलदारांकडून ३ कोटी ८० लाख डॉलर घेतले, चालतं टीसीएल भाषेतलं काम बाजूला सारून सगळं जावात नव्याने लिहायचं ठरवलं, संस्थापक आणि गुंतवणूकदार यांचं भांडण कोर्टापर्यंत गेलं, तडजोड झाली आणि २००२च्या सुरुवातीला उरलंसुरलं रेड हॅट या कंपनीने विकत घेतलं. चालतं घर पाडून नवं बांधण्याचा हा हट्ट मला तेव्हाही कळला नव्हता.

आता माझा यात काय संबंध. त्या काळात आम्ही चौघांनी खानदेशातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या होत्या. कासोदा, धरणगाव, पारोळा या बाजूच्या बायांकडून ऐकायच्या, वहीत उतरवायच्या, मग टाइप करायच्या. महाराष्ट्रात या कामाचा डोंगर गी प्वातवाँ आणि हेमा राइरकर यांनी उभा केला. त्यांच्या संग्रहात लाखावर ओव्या आहेत आणि आता तो ‘परी’च्या साइटवर ऐकायला मिळतो. आमचं काम त्यापुढे मुठीएवढं, काही शेकड्यांचं, पण बहुतेक अहिराणीतलं. ते आम्ही ओपनएसीएसच्या ३.२ आवृत्तीवर चढवलं, कारण ते फुकट होतं आणि त्यात अभिप्रायांची सोय तयार होती. एकच ओवी दुसऱ्या गावात वेगळी म्हणतात, दुसरी ओळ बदलते, भावाच्या जागी बाप येतो. असे सगळे पाठभेद आम्ही त्या ओवीखाली अभिप्राय म्हणून नोंदवत गेलो. ज्या कंपनीच्या मशीनवर साइट होती तिने काही वर्षांनी गाशा गुंडाळला. हाती राहिली ती डेटाबेसची नक्कल असलेली एक सीडी.

सीडी उघडते, पण वाचता येत नाही. एसीएसमध्ये सगळ्या साइटभरचे अभिप्राय एकाच टेबलात साठत. प्रत्येक अभिप्रायाशेजारी दोन खुणा: तो कोणत्या टेबलावरचा आणि त्या टेबलातल्या कितव्या नोंदीवरचा. कुठली खूण कशाशी जोडायची हे ज्ञान डेटाबेसात नसतं, ते कोडात असतं. कोडाशिवाय आमच्यासमोर एका बाजूला ओव्या होत्या, दुसऱ्या बाजूला पाठभेदांचा ढीग, आणि मधला दोरा तुटलेला. चालू ओपनएसीएसचा उपयोग नव्हता. चौथ्या आवृत्तीपासून तिची मांडणी मुळापासून बदलली, तिच्यात प्रत्येक वस्तूला एक सामाईक क्रमांक मिळू लागला, आणि तिसरीतून चौथीत जाणारी सरळ वाट नव्हती. आम्हाला हवा होता तो लोकांनी टाकून दिलेला कोड.

असा कोड कुठे शोधायचा? त्याची साठवणही कुठल्या तरी कंपनीच्या दारात असते. गूगल कोड हे कोडाचं मोठं कोठार २०१६ मध्ये बंद झालं, गिटोरियस त्याआधीच्या वर्षी, मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्स २०१७ मध्ये. यावर उपाय म्हणून २०१६ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने सॉफ्टवेअर हेरिटेज हा जागतिक संग्रह सुरू केला. गिटहबने २ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्याकडच्या सार्वजनिक कोडाची छबी काढली आणि ती फिल्मच्या १८६ रिळांवर उतरवून उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर खाणीत ठेवली. ताम्रपटाची आठवण होते. पण आमचा कोड या सगळ्यांच्या आधीचा, गठ्ठा बांधून डाऊनलोडला ठेवण्याच्या जमान्यातला. वेबॅक मशीनवर जुनी पानं निघतात, पण पानावरची डाऊनलोडची कडी दाबली की गठ्ठा हाती येईलच याची खात्री नसते. आर्सडिजिटाची स्वतःची साइट केव्हाच गेली. तिची बरीच पानं टिकली आहेत ती कंपनीच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी ईव्ह अँडरसन यांच्या खासगी साइटवर. कंपनीचं दप्तर असं एका माणसाच्या घरी निघालं.

त्या पानांनी नकाशा दिला, कोड दिला ओपनएसीएसने. ती मंडळी अजून काम करतात. व्हिएन्नाच्या अर्थशास्त्र विद्यापीठाची शिकवणीची साइट याच कोडावर चालत असे आणि तिथले गुस्टाफ नॉयमान हा सांगाडा आणि त्याखालचा नाविसर्व्हर दोन्ही सांभाळतात. रोजच्या वापरात असल्यामुळे त्यांनी जुनंही फेकलं नव्हतं. तिसऱ्या आवृत्तीचा गठ्ठा त्यांच्या जुन्या ठेवीत मिळाला आणि त्यात टेबलांची मांडणी सांगणाऱ्या फायली जशाच्या तशा होत्या, मधूनमधून मूळ लेखकांच्या चेष्टेखोर टिपांसह. टीसीएल आज शिकवत नाहीत. माझ्या पुतण्याने ती पाहून विचारलं, “काका, ही मोडी का?” फार चुकीचं नव्हतं ते.

या शोधात मला सारखी ‘लीळाचरित्रा’ची आठवण येत राहिली. म्हाइंभटांची मूळ पोथी खालशाच्या धामधुमीत गेली असं महानुभाव परंपरा सांगते. मग ज्याला जेवढं आठवत होतं त्यातून ती पुन्हा उभी केली गेली आणि वेगवेगळे पाठ चालू झाले. कोडाच्या जगात अशा फाट्याला फोर्क म्हणतात. एसीएसचेही असेच पाठ झाले. जावाचा फाटा रेड हॅटनेही पुढे सोडला, पण ब्रिटनमधल्या नगरपरिषदांनी आपल्या साइट्ससाठी तो वापरला आणि नंतर लिब्रेसीसीएम या नावाने तो जर्मनीत सांभाळला गेला. गंमत अशी की त्या जावा कोडाच्या फायलींच्या नावांत मालक बदलल्यावरही ‘आर्सडिजिटा’ हा शब्द तसाच राहिला. पोथीच्या शेवटी मूळ लेखनिकाचं नाव नकलणारे उतरवत जातात, तसा. मुक्त परवाना नसता तर असे पाठ कायदेशीर ठरले नसते, हे मात्र पोथ्यांपेक्षा वेगळं.

दोरा जुळला तरी मजकूर वाचायचा बाकी होता. आम्ही टाइप केलं ते युनिकोडच्या आधीच्या फाँटात. असल्या फाँटांत देवनागरी अक्षर हे रोमन अक्षराच्या जागेवर चढवलेलं चित्र असतं. फाँट काढला की ओवीच्या जागी नुसता कचरा दिसतो, शिवाय ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली. मराठी वर्तमानपत्रांचे आणि प्रकाशकांचे ढीगभर जुने मजकूर आजही याच तुरुंगात आहेत, आणि त्यावर दिवाळी अंकांनी एकदा स्वतंत्रपणे लिहायला हवं. आमच्या फाँटाचा तक्ता हाताने करावा लागला. दोन महिने गेले.

सगळ्यात मोठी गोष्ट मिळाली ती अनपेक्षित जागी. गावांची यादी आम्ही वेगळ्या टेबलात ठेवली होती आणि नक्कल काढणाऱ्यांनी तेवढंच टेबल गाळलं होतं. पाठभेद कुठल्या गावचा हे कळल्याशिवाय त्याला अर्थ काय? एसीएसचा नियम असा की सभासद म्हणून नोंद करायची तर प्रत्येकाला वेगळा ईमेल पत्ता हवाच. केंब्रिजमध्ये बसून लिहिणाऱ्यांना तो साहजिक वाटला असणार. इथे ओव्या सांगणाऱ्या आज्यांकडे फोनही नव्हता. तेव्हा आमच्यातल्या एकाने प्रत्येकीसाठी खोटा पत्ता बनवला होता: आधी नाव, मग गाव. आम्ही त्याला तेव्हा हसलो होतो. सभासदांच्या टेबलात ते सगळे पत्ते शाबूत आहेत. कासोद्याच्या ज्या आजींनी मला दटावून सांगितलं होतं, “भाऊ, ती ओवी मनी मायनी शे”, त्यांच्या नावापुढे कासोदा आहे.

बहुतेक पाठभेद आता गावासह लागले आहेत. नऊ नोंदींच्या पत्त्यांत नाव आहे आणि पुढे नुसतं ‘पिंप्री’. खानदेशात पिंप्री नावाची गावं किती तरी. त्यातल्या कुठल्या पिंप्रीच्या या बाया, हे कोड सांगत नाही. एरंडोलच्या जवळच्या पिंप्रींपासून सुरुवात केली आहे.