मुक्काम पोस्ट मुक्तेश्वर



गेल्या सोमवारी आमच्या लॅबच्या पार्सल खिडकीवर थर्मोकोलचा एक खोका आला, खालच्या कोपऱ्यातून ओला. आत एका भटक्या कुत्र्याचं डोकं. शुक्रवारी दुपारी कुरियरला दिलेलं, शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात पडून राहिलेलं, बर्फाचं केव्हाच पाणी झालेलं. सोबतच्या फॉर्मवर लिहिलं होतं की नऊ वर्षांच्या मुलाला चावला आहे. खोक्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण आजारी जनावराचा तुकडा लांबच्या प्रयोगशाळेत धड कसा पोचवायचा, या प्रश्नाची भारतातली गोष्ट आपल्या पुण्यात सुरू होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. मुख्य शत्रू बुळकांडी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हा शब्द ऐकूनच घाम फुटायचा, कारण बुळकांडी शिरली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे आणि पेरणीला बैल उरायचा नाही. आता असले सांसर्गिक रोगाचे जंतू भर शहरात, आजूबाजूला गुरंढोरं असताना बाळगणं म्हणजे उशाशी निखारा ठेवून झोपणं. शिवाय पुण्याचा उन्हाळा. म्हणून १८९३ मध्ये लॅब हलली ती थेट कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला, सुमारे साडेसात हजार फुटांवर. रेल्वे काठगोदामपर्यंत, पुढे सगळी डोंगरवाट. १८९७ मध्ये खुद्द रॉबर्ट कॉख तिथे जाऊन आले.

जागा उत्तम, यात वाद नाही. पण लॅब जितकी सुरक्षित तितकी ती आजारी जनावरापासून लांब, ही अडचण तेव्हा जी मागे लागली ती अजून सुटलेली नाही. सोलापूरकडे बैल मेला तर त्याचा नमुना मे महिन्याच्या उन्हात रेल्वेने काठगोदामला जाईपर्यंत नुसता कुजणार. फ्रीज नाही, ड्राय आइस नाही. करायचं काय?

एक उत्तर पॅरिसमधून आलं. पाश्चरचे सहकारी एमिल रू यांनी १८८७ मध्ये दाखवून दिलं की पिसाळलेल्या प्राण्याचा मज्जारज्जू ग्लिसरीनमध्ये बुडवून ठेवला तर त्यातलं रेबीजचं विष बराच काळ जिवंत राहतं. ग्लिसरीन इतर जंतूंना वाढू देत नाही, नमुना कुजत नाही. साबण कारखान्यातलं हे गोडसर चिकट द्रव्य अशा रीतीने पशुवैद्याच्या पेटीत आलं.

पण रेबीजचं निदान म्हणजे तेव्हा मेंदूचा अंश सशाला टोचायचा आणि दोन-तीन आठवडे वाट बघायची. चावलेल्या माणसाला तेवढी सवड कुठली? आधी तर भारतातून लोक इलाजासाठी पॅरिस गाठायचे. १९०० मध्ये कसौलीची पाश्चर इन्स्टिट्यूट झाली तेव्हा ती दगदग संपली, तरी कुत्रा खरंच पिसाळलेला होता का हे कळायला उशीर तो उशीरच. १९०३ मध्ये इटलीत आदेल्की नेग्री यांना पिसाळलेल्या प्राण्यांच्या मेंदूच्या पेशींत विशिष्ट ठिपके दिसले, त्यांना आजही नेग्री बॉडीज म्हणतात. आता सूक्ष्मदर्शकाखाली त्याच दिवशी उत्तर मिळण्याची सोय झाली.

यातून पशुवैद्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ झालेली दोन बाटल्यांची पद्धत आली. मी शिकत होतो तेव्हाही व्हायवाला हमखास विचारायचे. मेंदूचा एक तुकडा ५० टक्के ग्लिसरीन सलाईनमध्ये, दुसरा झेंकर्स फ्लुइडमध्ये. झेंकरमध्ये मर्क्युरिक क्लोराइड असतं. त्यात विषाणू मरतो, पण पेशी जशाच्या तशा घट्ट होतात आणि नेग्री बॉडीज बघता येतात. ग्लिसरीनमधला विषाणू जिवंत राहतो, तो प्राण्याला टोचून बघायचा. एकाच मेंदूचे दोन तुकडे, एक मारून पाठवायचा, एक जिवंत! बाटल्यांची अदलाबदल झाली, की दोन्ही वाया.

फाशीच्या रोगाचं तंत्र याच्या बरोब्बर उलट. ज्याला इंग्रजीत अँथ्रॅक्स म्हणतात तो. इथे मेलेलं जनावर फाडायचंच नाही, कारण हवा लागली की जंतू बीजाणू धरतात आणि ते त्या जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. कानाच्या शिरेतला रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, कागदात गुंडाळून पाठवायचा. मॅकफॅडियन यांनी तो मिथिलीन ब्लूने रंगवून ओळखायची रीत दिली, तीही १९०३ मध्येच. माझ्या मते पॅकिंगच्या सगळ्या इतिहासात याहून शहाणपणाचं काही झालेलं नाही.

पुढे १९५८ मध्ये अमेरिकेत गोल्डवॉसर आणि किसलिंग यांनी रेबीजसाठी फ्लोरेसंट अँटिबॉडीची तपासणी आणली आणि दोन बाटल्यांचं राज्य गेलं. हिला ताजा मेंदू लागतो, थंड ठेवलेला, शक्यतो न गोठवलेला. फॉर्मलिनमध्ये घातलात तर ही नेहमीची तपासणी होत नाही. आणि हो, कुत्र्याला डोक्यात गोळी घालू नये. अमेरिकेतल्या खेड्यांत हे दर वेळी सांगावं लागतं.

आता टपाल आणि विमान. आजचा नियम तीन थरांचा. आत न गळणारी बाटली, भोवती सगळा द्रव शोषेल इतका कापूस, त्यावर दुसरं न गळणारं वेष्टन, आणि बाहेर टणक खोका, जो १.२ मीटरवरून पडला तरी टिकला पाहिजे. विमानात हवेचा दाब बदलतो म्हणून आतल्या दोनपैकी एका थराने ९५ किलोपास्कल सोसलं पाहिजे. बाहेर चौकोन तिरका उभा करून आत यूएन ३३७३. पूर्वी याला 'डायग्नोस्टिक स्पेसिमेन' म्हणत, २००७ पासून 'बायॉलॉजिकल सबस्टन्स, कॅटेगरी बी'. ड्राय आइस घातला तर खोका हवाबंद करायचा नाही, गॅस कोंडून तो फुटतो. हे न कळलेले पीएचडीवाले मी पाहिले आहेत.

लांबच्या लॅबची ती जुनी अडचण २००६ मध्ये आपल्याकडे पुन्हा दिसली. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर, जिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. तिथल्या पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मरायला लागल्या. पुष्कळांना वाटलं मानमोडी, म्हणजे रानीखेत. गंमत बघा, हे नावही मुक्तेश्वरच्या शेजारचंच. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊँतल्या रानीखेतला हा रोग दिसला, मुक्तेश्वरच्या एडवर्ड्स यांनी त्याचा अभ्यास केला आणि भारतभर तेच नाव चिकटलं. लक्षणं सारखीच, त्यामुळे नुसतं बघून छातीठोक सांगणं कठीण. नमुने गेले भोपाळच्या हाय सिक्युरिटी लॅबकडे, आणि १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झालं की हा एच५एन१, भारतातला पहिला बर्ड फ्लू. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. ज्यांनी आधी मेलेल्या कोंबड्या मानमोडी समजून उघड्या हातांनी उचलल्या, त्यांचे ते दिवस कसे गेले असतील?

बुळकांडी मात्र संपली. २०११ मध्ये जग त्यातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. माणसाने पूर्णपणे हटवलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग.

हं, तर सोमवारचा खोका. या तपासणीला ब्रेनस्टेम आणि सेरेबेलम दोन्ही ओळखता येतील असे लागतात. कवटी उघडली तर आत पेज झालेली. रिपोर्टवर 'तपासणीस अयोग्य' असं लिहून मी फोन केला. मुलाला त्याच संध्याकाळी इम्युनोग्लोब्युलिन आणि लसीचा पहिला डोस दिला, अजून तीन बाकी आहेत. त्याची आई दोनदा विचारत होती, की कुत्रा पिसाळलेला होता की नुसता घाबरलेला. मी सांगितलं, ते आता कळणार नाही.