अकरा ते पाच : हायस्कूलला जाणाऱ्या मुलीचा वेळ कोणाचा?

मे महिना संपत आला की आमच्या वळसंगच्या गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते. कोणाला बियाणं घ्यायचं असतं, कोणाला घराचे पत्रे बदलायचे असतात. पण निम्म्या मागण्या शाळेच्या असतात. त्यातही ज्यांचं लेकरू सातवी पास झालं, त्या आया जास्त काळजीत असतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत. आठवीला हायस्कूल. नवी शाळा, नवे सर, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक. "ताई, पोराला तयार कसं करायचं?" असं आम्हाला विचारतात. आम्हीही सांगत आलो : दप्तर चांगलं घ्या, पाढे पाठ करून घ्या, दाखले काढून ठेवा.

एका वर्षी मात्र आमचं हे सांगणं अपुरं पडलं. गटातल्या एका अक्कांची मुलगी सातवीत वर्गात पुढं होती. अक्कांनी जूनमध्ये कर्ज मागितलं नाही. आम्हाला वाटलं, पैशाची सोय झाली असेल. विचारलं तर म्हणाल्या, "पैशाचं नाही ओ ताई. ती अकरा ते पाच शाळेत बसली, वर जायचा-यायचा तास धरला, तर घरात बघणार कोण? धाकटा अजून अंगणवाडीत आहे. मी कामावर जाते."

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन जुनी पुस्तकं काढली. बी.ए.ला इतिहास होता, तेव्हा परीक्षेपुरता वाचला होता. आता वाचला तेव्हा कळलं, की अक्कांचा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आणि तो अगदी याच शब्दांत विचारला गेला होता : अकरा ते पाच.

मुलींच्या शाळेची गोष्ट आपण 1848 पासून सांगतो. पुण्यात भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. तीन जानेवारीला आपण सावित्रीबाईंचा फोटो पुजतो. पण त्यांच्या शाळेत शिकलेल्या एका मुलीचं नाव आपल्या तोंडी फार येत नाही. ती म्हणजे मुक्ता साळवे. मांग समाजातली मुलगी. 1855 साली तिचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. महार-मांगांच्या दुःखाबद्दल तिनं त्यात लिहिलं आणि धर्माच्या नावानं वरचढ झालेल्यांना थेट प्रश्न विचारले. चौदा वर्षं म्हणजे आपल्याकडे आठवी-नववीचं वय. आपण ज्या वयाच्या मुलीला "तुला काय कळतंय, गप बस" म्हणतो, त्या वयात मुक्तानं हे लिहिलं. तीन वर्षांचं शिक्षण मिळालं आणि एवढं झालं.

आमच्या वळसंगला हे वेगळं सांगायला नको. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर गावात आले होते, ती विहीर गाव आजही अभिमानानं दाखवतं. पाणी असो की पुस्तक, कोणीतरी झगडल्याशिवाय ते सगळ्यांपर्यंत आलेलं नाही.

आता मुलींच्या हायस्कूलकडे येऊ. प्राथमिक शाळा निघाली तरी पुढं काय, हा प्रश्न होताच. 1884 साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल सुरू झालं. तेच आजचं हुजूरपागा. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर अशी मंडळी त्यामागं होती. या शाळेची वेळ होती अकरा ते पाच. मुलांच्या शाळेची असते तशीच. आणि भांडण पेटलं ते या वेळेवरून.

लोकमान्य टिळकांना आपण सगळे मानतो. स्वराज्यासाठी त्यांनी तुरुंग सोसला. पण या बाबतीत ते विरोधात होते. त्यांच्या पत्रांतून टीका झाली, की मुलगी दिवसभर शाळेत बसली तर घरकाम कधी शिकणार? सकाळी किंवा दुपारी तीन तास शाळा पुरे. इंग्रजी, गणित असले विषय तिला कशाला? मैत्रिणींनो, आम्ही हे वाचलं आणि अक्का आठवल्या. टिळक पुण्याचे विद्वान आणि अक्का आमच्या गटातल्या. मधे इतकी वर्षं गेली. तरी बोलणं एकच. फरक एवढाच, की टिळक तत्त्व म्हणून बोलत होते आणि अक्का नाइलाज म्हणून. घरातल्या कामाला दुसरा हात नव्हता, म्हणून मुलीचे हात मोजले गेले.

त्याच काळातल्या रमाबाई रानडे बघा. लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांच्या. अक्षरओळख नव्हती. नवऱ्यानं शिकवलं, आधी मराठी, मग इंग्रजी. मुलींना हायस्कूल मिळावं म्हणून गव्हर्नरसाहेबांसमोर त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. घरातल्या बायकांची बोलणी मात्र त्यांना खावी लागली. 1910 साली छापलेल्या आठवणींत त्यांनी ते सगळं लिहून ठेवलंय. शिकायला विरोध करणारे पुरुष होते, तसं टोमणे मारणाऱ्या बायकाही होत्या. ते टोमणे खाऊनही रमाबाई मागं हटल्या नाहीत. 1909 साली पुण्यात त्यांच्या पुढाकारानं सेवासदन सुरू झालं. सोलापुरातल्या सेवासदन शाळेचं मूळ तिथलंच. आपल्या भागातल्या किती मुली त्या शाळेतून शिकून बाहेर पडल्या!

पण शहरात हायस्कूल निघालं म्हणून खेड्यातल्या लेकराला काय? आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात चौथी झाली की शाळा संपायची. फार हुशार मुलगा असला तर सातवीची फायनल द्यायचा आणि मास्तर व्हायचा. हायस्कूल म्हणजे सोलापूर. तिथं राहायचं कुठं, खायचं काय, हा पहिला प्रश्न.

हा प्रश्न साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी सोडवायला घेतला. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढं साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग चालवलं. महात्मा गांधी 1927 साली तिथं येऊन गेले. कर्मवीरांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण बोर्डिंगमधल्या पोरांचं जेवणखाण, आजारपण, रात्री रडणारं लेकरू, हे कोण बघत होतं? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. जैन घरातल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. सुरुवातीला त्यांनाही जड गेलं असणार. पण सगळ्या जातींच्या लेकरांना त्यांनी एका पंगतीत जेवू घातलं. एकदा घरात धान्य नव्हतं, भाऊराव बाहेरगावी. तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं आणि पोरांना जेवण मिळालं. बाकीचे दागिने आधीच गेले होते. 1930 साली त्या वारल्या. साताऱ्यातलं रयतचं पहिलं मोफत हायस्कूल 1940 साली निघालं. ते बघायला त्या नव्हत्या.

लक्ष्मीबाईंची गोष्ट आम्ही दागिन्यांसाठी सांगत नाही. मंगळसूत्र विका असं आम्ही कधीच म्हणणार नाही, त्यासाठी आता आपला गट आहे. सांगायचं ते हे, की शिकणाऱ्या लेकराच्या मागं घरातलं काम उचलणारं कोणीतरी असावं लागतं. त्या पोरांना अभ्यासाला वेळ मिळाला, कारण त्यांच्या भाकरीचा वेळ लक्ष्मीबाईंनी दिला.

पुढं वाट हळूहळू रुंद झाली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना गरिबांच्या मुलांना फी माफ झाली, त्या ईबीसीवर शिकलेले आजोबा आजही घराघरात आहेत. 1948 साली एसटी सुरू झाली आणि पुढं ती खेड्यापर्यंत आली. नंतर मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळू लागला. त्याला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. कायदाही बदलला. 1929 च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं होतं, 1978 साली ते अठरा झालं. म्हणजे पूर्वी कायद्यानंसुद्धा आठवीच्या वयात मुलगी लग्नाची होती. आजही हायस्कूल सुटलेल्या मुलीच्या घरी पाहुणे लवकर येतात, हे आपण डोळ्यांनी बघतो. मुलगी शाळेच्या पटावर असली की "अजून शिकतीय" हे एक वाक्य आईच्या हाती असतं. ते वाक्य गमावू नका.

फी गेली, बस आली, कायदा आला. राहिला तो वेळ. आणि वेळ ना सरकार देतं, ना शाळा. तो घरातूनच मिळतो.

इथं आमची चूकही कबूल करतो. आमच्या गटाची बैठक कित्येक वर्षं संध्याकाळी सहाला असायची. बायका कामावरून यायच्या, हातपाय धुऊन बैठकीला. आम्हाला वाटायचं, किती सोयीची वेळ! अक्कांच्या मुलीचं निघालं तेव्हा आम्ही एकमेकींना विचारलं : आपण इथं बसलोय, मग चुलीपाशी कोण आहे? अकरा जणींच्या घरी उत्तर एकच, मुलगी. आई प्रशिक्षणाला तालुक्याला गेली, की त्या दिवशी मुलगी शाळेला नाही. महिलांच्या विकासाच्या नावानं आम्ही आमच्याच लेकींचे तास खात होतो. टिळकांना नावं ठेवायचा आम्हाला काय अधिकार?

मग बैठक रविवारी दुपारी ठेवली. प्रशिक्षणाला जाणारीच्या घरचं एक वेळचं शेजारणीनं बघायचं, असं ठरलं. अक्कांच्या धाकट्याला अंगणवाडी सुटल्यावर दोन तास दुसरी एक मावशी सांभाळायला लागली. तिच्या घरच्या शेंगा फोडायला अक्का रविवारी जायच्या, असा हिशेब. आणि सगळ्यात अवघड म्हणजे अक्कांच्या मालकांशी बोलणं. तेही झालं. पाणी भरायचं काम त्यांनी थोरल्या मुलावर टाकलं. तो पहिले आठ दिवस फुगला, मग भरू लागला. मुलगी आठवीत गेली. जुलै लागला होता, तरी गेली.

आता ज्यांचं लेकरू या जूनला हायस्कूलला जाणार आहे, त्यांच्यासाठी आम्ही शिकलेलं थोडक्यात सांगतो.

मे महिन्यातच घरात बसून दिवसाचा हिशेब करा. उठल्यापासून झोपेपर्यंत मुलगी काय काय करते ते एकेक मोजा. त्यातलं कोणतं काम मुलगा घेईल, कोणतं वडील घेतील, हे तिच्यासमोर ठरवा. अभ्यासाला रोजचा दीड-दोन तास तिच्या नावावर राहू द्या.

शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा तिच्याबरोबर त्या वाटेनं जा. बस कुठं थांबते, बस चुकली तर कोणाच्या घरी थांबायचं, कोणी वाटेत त्रास दिला तर कोणाला सांगायचं, हे चालता चालता बोला. त्रास झाला तर शाळा बंद होणार नाही, असा शब्द तिला आधीच द्या. नाहीतर शाळा सुटेल या भीतीनं मुली सांगतच नाहीत.

पाळीबद्दल आईनंच आधी सांगावं. दप्तरात पॅड किंवा स्वच्छ कापड असू द्या. शाळेत स्वच्छतागृहाला पाणी आहे का, हे विचारायला लाजू नका. चार आया मिळून विचारा.

आपल्या सोलापूरच्या या टोकाला पुष्कळ घरांत कन्नड बोलतात. काही लेकरं सातवीपर्यंत कन्नड माध्यमात असतात आणि एकदम मराठीत येतात. असं लेकरू वर्गात गप्प बसलं तर ते ढ नाही, त्याला शब्द सापडत नाहीत. वर्गशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात हे सांगा आणि सुट्टीत त्याच्याकडून रोज पानभर मराठी मोठ्यानं वाचून घ्या. आपल्याला वाचता येत नसलं तरी ऐकता येतं.

कागदांत शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या नावचं बँक खातं एवढं बघा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एक असू द्या. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. फॉर्म भरायला सातवीत 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50. शाळेत विचारून ठेवा.

आणि हे सगळं मुलग्यांनाही लागू आहे. आठवीत गेलेला मुलगा सुट्टीत कामाला जातो, चार पैसे हातात येतात आणि शाळा सुटते. त्याचाही वेळ राखायला लागतो.

अक्कांची मुलगी आता दहावीत आहे. परवा बैठकीला आली आणि गटाचं वहीतलं व्याज तिनं तपासलं. आमची एक चूक काढली. अक्का गालातल्या गालात हसत होत्या.

पुढच्या बैठकीत तुम्हीही एकमेकींना तेवढं विचारा : आपण इथं बसलोय, तर घरी चुलीपाशी कोण आहे?